विहीर आटली, बोअर सुरू झाला: हायड्रोपोनिक पुदिन्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

काटोल रोडने नागपूर मागे पडलं की संत्र्याचे बगीचे लागतात. त्याच पट्ट्यात चार गुंठ्यांचं एक शेडनेट आहे. ते ज्या ताई चालवतात त्यांनी हे लिहायला हरकत घेतली नाही, फक्त नाव-गाव नको म्हणाल्या. रोजचं काम त्यांचा भाचा पाहतो. मी सल्लागार म्हणून अधूनमधून जातो. या गोष्टीत एक चूक माझीही आहे, ती पुढे येईलच.

मांडणी नेहमीची, मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर. पीव्हीसीच्या चौकोनी नळ्या हलक्या उतारावर बसवलेल्या, त्यांतून पाण्याचा पातळ थर वाहतो आणि परत हजार लिटरच्या टाकीत येतो. खत तयार मिळतं, ए आणि बी अशा दोन भागांत. ए मध्ये कॅल्शियम नायट्रेट आणि लोह, बी मध्ये फॉस्फेट, सल्फेट वगैरे. दोन्ही घट्ट द्रावणं एकत्र केली तर तळाशी जिप्समचा गाळ बसतो, म्हणून वेगळी ठेवायची. ईसी मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार किती ते सांगणारा) टाकीत बुडवून आकडा १.८ येईपर्यंत दोन्ही सारखी ओतायची, ही भाच्याची रीत. ऑक्टोबरात काड्या लावल्या आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी पुदिना असा आला की धरमपेठेतल्या एका हॉटेलने आणि लग्नांची कामं घेणाऱ्या एका केटररने रोजचा माल बांधून घेतला.

कॉटन मार्केटच्या जुडीपेक्षा जास्त भाव मिळायचा तो दोन कारणांनी: पानाला माती नाही, आणि डबा उघडल्याबरोबर वास येतो. मठ्ठा, पन्हं, चटणी, सगळ्यांना पुदिना लागतो तो नेमका एप्रिल-मे मध्ये. म्हणजे वर्षाची कमाई व्हायची तीही तेव्हाच.

अडचण

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शेंड्याची पानं पिवळी पडू लागली. शिरा हिरव्या, मधली जागा फिकट. भाच्याने फोटो पाठवले आणि फोन केला, "सर, काय होऊन राहिलं काही समजूनच नाही राहिलं. खत तर तेच आहे, मीटरही बरोबर दाखवून राहिला."

मी कामात होतो. फोटोत खालचं एक जुनं पानही पिवळट दिसलं, आणि मी फोनवरच निदान करून टाकलं: मॅग्नेशियमची कमतरता. एप्सम सॉल्टची (मॅग्नेशियम सल्फेटची) फवारणी सांगितली, संध्याकाळी करा म्हणालो. फवारणी झाली सकाळी अकराला. पानांच्या कडा भाजल्या आणि पिवळेपणा जागेवरच राहिला. यात आठ दिवस गेले.

मॅग्नेशियम झाडात हलू शकतं. कमी पडलं की झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून जुनं पान आधी पिवळं होतं. लोह असं हलत नाही, त्यामुळे लोहाची चणचण आधी कोवळ्या पानात दिसते. हे मी दरवर्षी प्रशिक्षणात सांगतो. फोटोत शेंडा समोर होता आणि मी खालचं पान बघत बसलो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ताईंनी एका दुकानदाराचं ऐकलं. त्याने दिलं एक बूस्टर (समुद्री शेवाळाचा अर्क, अमिनो आम्ल आणि ह्युमिक आम्ल यांचं मिश्रण) आणि सोबत १९:१९:१९, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत. ऊन वाढलं म्हणून भाच्याने वर आणखी एक हिरवी नेट ओढली. आठवड्याभरात पानं मोठी झाली, रंगही थोडा सुधारला, आणि सगळ्यांना वाटलं की जमलं.

मग केटररचा फोन आला. "ताई, जुडी तर झकास दिसून राहिली, पण चुरगाळली तरी वास काऊन नाही येऊन राहिला?" हॉटेलची तक्रार वेगळी होती: सकाळी आलेला माल संध्याकाळपर्यंत डब्यातच काळा पडतो. हॉटेलने निम्मी ऑर्डर थांबवली. तेव्हा मी प्रत्यक्ष गेलो.

जागेवर काय दिसलं

टाकीचं झाकण उघडलं तर पाणी चहासारखं तपकिरी, वर फेस, आतून हाताला बुळबुळीत थर. ह्युमिकचा रंग समजू शकतो, पण बुळबुळीतपणा जिवाणूंचा होता. अमिनो आम्लं आणि शेवाळाचा अर्क मातीत चांगले. फिरत्या कोमट पाण्यात मात्र ते झाडाआधी जिवाणूंचं जेवण होतात. दोन नळ्यांची तोंडं त्या थराने अर्धी बुजली होती. मुळं पांढरी हवीत, ती फिक्या बदामी रंगाची होती.

दुपारी तीनला टाकीतल्या पाण्याचं तापमान ३४ अंश. काळी प्लास्टिकची टाकी पश्चिमेच्या उन्हात उभी. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३५ ला सात. आणि नेमकं तेव्हाच मुळांना जास्त लागतो.

पीएच, म्हणजे पाण्याचा आम्ल-अल्कपणा, ७.४ निघाला. मी विचारलं, "पाणी कुठलं वापरता?"

"तेच की, आपलं," ताई म्हणाल्या.

भाचा मागून म्हणाला, "मावशी, विहिरीचं कुठे? मार्चच्या मधात विहीर खाली गेली न. तेव्हापासून बोअर चालू आहे."

ही गोष्ट कोणी लपवली नव्हती. कोणाला सांगण्यासारखी वाटलीच नव्हती.

विहीर आणि बोअर, दोन्ही पाणी तपासायला दिलं. विहिरीच्या पाण्याची ईसी ०.५. बोअरची १.१, पीएच ७.९, आणि बायकार्बोनेट लिटरमागे ३९० मिलिग्रॅम. नागपूरच्या पश्चिमेला दख्खनचा काळा बेसाल्ट आहे, खोलवरचं पाणी त्यात मुरत येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊन येतं. पीएच चढता राहतो तो या बायकार्बोनेटमुळे. घरात बादलीला पांढरं किटण धरतं ते हेच.

आता तो १.८ चा आकडा पुन्हा बघा. ईसी मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो, क्षार कोणता हे त्याला कळत नाही. विहिरीचं पाणी असताना १.८ पैकी १.३ खत होतं. बोअरचं आल्यावर १.१ तर पाण्याचंच, खत उरलं ०.७. झाडांचं जेवण जवळपास निम्मं झालं आणि मीटरवर फरक शून्य. वरून रोज उडालेल्या पाण्याच्या जागी पुन्हा बोअरचंच पाणी, म्हणजे आठ-दहा दिवसांत त्या आकड्यात बोअरचा वाटा आणखी वाढलेला.

१९:१९:१९ ची गंमत याच्या उलट. त्यातलं निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असतं आणि युरिया विरघळला तरी वीज वाहून नेत नाही. म्हणजे मीटरला तो दिसतच नाही. टाकीत किती नत्र चाललंय याचा भाच्याला पत्ता लागणं शक्यच नव्हतं. पानं पाणीदार आणि लांबट झाली ती या नत्राने आणि दुहेरी नेटच्या सावलीने. पुदिन्याचा वास पानावरच्या बारीक तेलग्रंथींत असतो. पान भराभर फुगलं आणि ऊन कमी पडलं की तेल त्या मानाने वाढत नाही.

समोरचे पर्याय

ताईंच्या ओट्यावर बसून आम्ही वहीत पर्याय मांडले.

पहिला, ईसी सरळ २.५ वर न्यायची. खर्च नाही, लगेच होतं. पण पीएच सातच्या वर असताना आणखी खत ओतून लोह मिळणार नव्हतं. ए मधलं लोह ईडीटीए स्वरूपातलं होतं (ईडीटीए म्हणजे लोहाला पाण्यात विरघळलेलं धरून ठेवणारं संयुग). पीएच साडेसहाच्या पुढे गेला की त्याची पकड सुटते, कॅल्शियम त्याची जागा घेतं आणि लोह गाळात जातं. टाकीत लोह होतं, झाडाला मिळत नव्हतं.

दुसरा, लोहाची फवारणी. शेंडे हिरवे झाले असते, पण पुढचा शेंडा पुन्हा पिवळा. शिवाय खायच्या पानावर, काढणीच्या तोंडावर फवारा मला पटत नाही.

तिसरा, जास्त पीएचलाही टिकणारं ईडीडीएचए लोह घालायचं आणि पाणी तसंच ठेवायचं. ताईंना हा आवडला, कारण एक पुडी आणून भागत होतं. लोहाचा प्रश्न सुटलाही असता. निम्म्या जेवणाचा सुटला नसता.

चौथा, पाणी सुधारायचं: निम्मं आरओचं (क्षार काढलेलं), निम्मं बोअर, उरलेलं बायकार्बोनेट आम्लाने मारायचं आणि मग पूरक अन्नद्रव्यं मोजून द्यायची. खर्च आरओ यंत्राचा.

पाचवा पर्याय मीच मांडला. मे-जून पीक बंद ठेवायचं. ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पान उलटलं.

बादल्यांची चाचणी

इथे ताईंनी मला अडवलं. "सर, मागच्या वेळी तुम्ही फोनवर सांगितलं, त्या दुकानवाल्याने दुकानातून सांगितलं. आता आधी थोड्यावर करून पाहू." खरं तर हे मी म्हणायला हवं होतं.

रंगाच्या वीस लिटरच्या चार रिकाम्या बादल्या घासून घेतल्या, उजेड आत जाऊन शेवाळ होऊ नये म्हणून बाहेरून चंदेरी रंग मारला, मत्स्यालयात वापरतात ते हवेचे पंप लावले. आरओचं पाणी कॅनने आणलं. पहिल्या बादलीत बोअरचं पाणी, जसं चाललं होतं तसं. दुसरीत बोअर, पण आम्ल घालून पीएच ६. तिसरीत निम्मं आरओ, आम्ल, आणि पुन्हा खत घालून १.८. चौथीत तिसरीचंच सगळं, वर पूरक म्हणून ईडीडीएचए लोह, एप्सम सॉल्ट आणि सल्फेट ऑफ पोटॅश.

लोहाचं वजन हा एक प्रसंगच झाला. लिटरला २ मिलिग्रॅम लोह हवं, म्हणजे वीस लिटरला ४० मिलिग्रॅम. पुडीत लोह ६ टक्के, म्हणून भुकटी घ्यायची ०.६७ ग्रॅम. घरातला काटा ग्रॅमच्या खाली बोलत नव्हता. शेवटी ओळखीच्या सोनाराकडचा छोटा काटा आला. कागदाच्या चतकोरावर चिमूटभर भुकटी, आकडा ०.७१ वर. भाच्याने काडीच्या टोकाने कणकण काढत तो ०.६७ वर आणला आणि श्वास सोडला तसे चार कण उडाले. पेल्यात विरघळवल्यावर पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल झालं. ताई म्हणाल्या, "एवढ्याशाचा एवढा रंग! आणि आम्ही झाकणाने ओतत होतो."

चौदा दिवसांनी पहिली बादली पिवळीच. दुसरीत नवे शेंडे हिरवे, पण झाड बारकं. तिसरीत हिरवी आणि भरलेली झाडं. चौथी रंगात तिसरीसारखीच, काड्या थोड्या ताठ. जुनी पिवळी पानं कुठेच पूर्ण हिरवी झाली नाहीत, बघायची होती ती नवी पानंच.

ज्या लोहासाठी सोनाराचा काटा आणला त्याने रंगात काही भर घातली नाही. पीएच जागेवर आल्यावर खतातलं लोहच पुरलं.

वासासाठी नंबर टाकलेल्या कागदांवर पानं चुरगाळून तिघांना दिली: ताईंच्या सासूबाई, केटररचा आचारी आणि शेजारचे एक बगीचेवाले. सासूबाई आणि आचारी यांनी चौथीचा कागद उचलला, बगीचेवाल्यांनी तिसरीचा. एकेका बादलीवर आणि तीन नाकांवर मी याला पुरावा म्हणणार नाही, पण पुढचं पाऊल टाकायला तेवढं पुरलं.

आचाऱ्याने जाता जाता विचारलं, जिभेला गार लागेल असा करता येईल का? ते खताचं काम नाही. आपल्या चटणीचा पुदिना बहुधा स्पिअरमिंट जातीचा, त्याचा वास कार्व्होनचा. मेंथॉलचा गारवा असतो तो उत्तर प्रदेशात तेलासाठी लावतात त्या मेंथ्यात, ती जातच वेगळी.

प्रत्यक्ष बदल

मेच्या सुरुवातीला टाकी रिकामी करून घासली, नळ्या धुतल्या. बूस्टर आणि १९:१९:१९ बंद. छोटं आरओ यंत्र बसलं.

निम्मं-निम्मं केल्यावर बायकार्बोनेट १९५ वर आलं. ६१ मिलिग्रॅम म्हणजे एक मिलिइक्विव्हॅलंट (आम्ल किती लागेल ते काढायचं माप), या हिशेबाने ३.२. त्यातला एक ठेवायचा, म्हणजे पीएचला थोडा आधार राहतो. २.२ मारायला ६० टक्क्यांचं नायट्रिक आम्ल हजार लिटरला सुमारे १७० मिलिलिटर लागलं. हातमोजे, चष्मा, आणि आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही, हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं. या आम्लातून लिटरमागे ३१ मिलिग्रॅम नत्र फुकट मिळतं. एरवी चांगलंच. पण आमची तक्रारच वासाची होती, म्हणून ए मधलं कॅल्शियम नायट्रेट तेवढ्या हिशेबाने कमी केलं. कॅल्शियम बोअरच्या पाण्यातून येतच होतं.

पूरक म्हणून हजार लिटरला २०० ग्रॅम एप्सम सॉल्ट (लिटरमागे जवळपास २० मिलिग्रॅम मॅग्नेशियम) आणि १५० ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश, दोन्ही बी च्या बाजूला. लोहावर वाद झाला. चाचणीत गरज दिसली नव्हती, पण मेच्या दुपारी टाकीचा पीएच चढणार हे मला दिसत होतं. शेवटी लिटरला १ मिलिग्रॅम लोह ठेवलं, तेही ईडीडीएचए नाही तर स्वस्तातलं डीटीपीए, कारण पीएच सातपर्यंत ते टिकतं.

टाकीला सावली केली आणि भोवती बारदान गुंडाळून त्यावर ठिबकची एक नळी सोडली. नागपूरकराला हे शिकवावं लागत नाही, कूलरला वाळ्याचे ताटे लावतो त्यातलाच प्रकार. इथली मेची हवा कोरडी, त्यामुळे पाणी भराभर उडतं आणि गारवा देतं. दुपारचं तापमान ३४ वरून २८ वर आलं. दुसरी नेट फक्त अकरा ते चार ओढायची, एरवी गुंडाळून. काढणी सकाळी दहाऐवजी सहाला, फुलं येण्याआधी. माल ओल्या कापडाखाली निवला की मगच डब्यात, आणि डब्याला भोकं. काळं पडण्याची तक्रार मिटली ती बहुधा या शेवटच्या दोन गोष्टींनी.

एक आडवळण झालं. आरओचं टाकाऊ पाणी भाचा संत्र्याच्या कलमांना देऊ लागला. त्यात बोअरचे क्षार आणखी घट्ट झालेले असतात आणि संत्र्याला क्षार सोसत नाहीत. वेळीच लक्षात आलं. आता ते पाणी बारदानावर जातं.

निकाल

बारा दिवसांत शेंडे हिरवे. तिसऱ्या आठवड्यात केटररने पुन्हा माल सुरू केला. हॉटेलने निम्मी ऑर्डर ठेवली ती तशीच ठेवली, मधल्या काळात त्यांनी दुसरा पुरवठादार धरला होता.

वजन मात्र हिवाळ्याइतकं आलं नाही. नळ्यांच्या शेवटच्या टोकाला, जिथे पाणी तापून पोचतं, तिथली मुळं बदामीच राहिली. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आधी ताईंनी स्वतःहून निम्म्या नळ्या रिकाम्या केल्या. मी ओट्यावर मांडलेला पाचवा पर्याय शेवटी अर्धा वापरला गेला, पण त्यावर कोणी काही बोललं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पाण्याचा अहवाल शेडनेट उभारतानाच हवा होता, दोन्ही स्रोतांचा. ताईंनी विहिरीचा केला होता, बोअरचा "लागला तर बघू" म्हणून राहिला. उन्हाळ्यात तो लागणार हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

मी फोटोवर निदान करायला नको होतं. किमान कोवळं पान की जुनं, एवढा एक प्रश्न विचारला असता तर आठ दिवस वाचले असते, आणि ते आठ दिवस गेले नसते तर दुकानदाराची पाळीच आली नसती.

खत टाकण्याआधी कोऱ्या पाण्याची ईसी लिहायची आणि १.८ हा आकडा त्याच्यावर मोजायचा, हे भाच्याला मी पहिल्याच दिवशी शिकवायला हवं होतं. आता तो वहीत तीन रकाने ठेवतो: कोरं पाणी, खत टाकल्यावर, दुपारचा पीएच.

बादल्यांत चौथीला तीन पूरकं एकदम घातली हे चुकलं. काड्या ताठ झाल्या त्या पोटॅशने की मॅग्नेशियमने, हे त्यातून निघत नाही. आणि शेडमध्ये नत्र, नेट, काढणीची वेळ सगळं एकाच आठवड्यात बदललं, त्यामुळे वास कशाने परतला याचं उत्तरही तिथे मिळालं नाही. यंदा फेब्रुवारीत आठ बादल्या लागल्या आहेत, प्रत्येक प्रकाराच्या दोन, आणि एका जोडीत फक्त पोटॅश. सोनाराचा काटा अजून ताईंकडेच आहे.